शंभर टक्के बिझी, तरी काम शून्य

मृग लागला की लातूर-परभणीकडे सोयाबीनच्या बॅगा घरात येऊन पडतात आणि नजर लागते मोबाइलवरच्या पावसाच्या अंदाजाकडे. या अंदाजामागचं बरंच गणित पुण्यात होतं. तिथल्या भारतीय उष्णदेशीय हवामान विज्ञान संस्थेत २०२४ पासून ‘अर्क’ हा ११.७७ पेटाफ्लॉप्सचा, म्हणजे सेकंदाला सुमारे ११,७७० लाख कोटी आकडेमोडी करू शकणारा महासंगणक आहे. वातावरणाचे चौकोन पाडायचे, ते हजारो प्रोसेसरांना वाटायचे, आणि प्रत्येक टप्प्यावर शेजाऱ्याशी आकडे बदलून पुढे जायचं, अशी ही समांतर संगणनाची रीत.

यात घोडं अडतं ते वाट पाहण्यात. ऊसतोडीच्या टोळीत सगळ्यांच्या मोळ्या बांधून झाल्या, पण एका कोयत्याच्या वाट्याला लोळलेला ऊस आला, की गाडी फडातच उभी. (शिवाय ज्या कामाची वाटणीच होत नाही, ते वेगळंच. ते ५ टक्के असलं तर प्रोसेसर कितीही लावा, वेग २० पटींपलीकडे जात नाही, हे संगणकतज्ज्ञ जीन अ‍ॅमडालच्या १९६७ मधल्या मांडणीवरून निघतं.)

मग खोळंबा कोणामुळे, हे शोधायचं कसं? लिनक्स या संगणक-प्रणालीवर ‘टॉप’ (कोणता प्रोसेसर किती कामात आहे ते दाखवणारी आज्ञा) लावून पाहिलं तर सगळे प्रोसेसर १०० टक्के बिझी दिसतात. पण एमपीआय (प्रोसेसरांनी एकमेकांना निरोप धाडण्याची ठरलेली पद्धत) वापरणाऱ्या प्रोग्रॅममध्ये थांबलेला प्रोसेसर बहुधा झोपत नाही. ‘निरोप आला का, आला का’ असं अखंड विचारत राहतो. तेही बिझीतच मोजलं जातं! म्हणून या आकड्यावर माझा काडीचा भरवसा नाही.

त्यापेक्षा प्रत्येक प्रोसेसरने काय कधी सुरू केलं आणि कधी संपवलं, याची नोंद ठेवायची. जर्मनीत घडलेलं ‘व्हॅम्पिर’ हे सॉफ्टवेअर ही नोंद चित्रात मांडतं. एका प्रोसेसरची एक आडवी पट्टी. साधारणपणे गणित हिरवं, एमपीआयमधला वेळ लाल. लांबच लांब लाल दिसलं की समजायचं, हा गडी बसून आहे. मात्र कोट्यवधी वेळा चालणाऱ्या बारीकसारीक फंक्शनांचीही (प्रोग्रॅमच्या छोट्या तुकड्यांचीही) नोंद घेत बसलात, तर मूळ कामापेक्षा नोंदीलाच जास्त वेळ जातो. त्यामुळे आधी सॅम्पलिंग करावं: दर काही मिलिसेकंदांनी डोकावून आत्ता कोणतं फंक्शन चालू आहे तेवढं पाहायचं.

हवामानाच्या मॉडेलात लाल पट्ट्यांचं एक कारण तर चक्क सूर्य आहे. ऊन किती शोषलं जाईल हा जड हिशोब फक्त दिवस असलेल्या चौकोनांत करावा लागतो. रात्रीचे चौकोन लवकर मोकळे होतात. काही मॉडेलांत म्हणूनच जोड्या लावतात. परभणीवरचा चौकोन ज्याच्याकडे, त्यालाच पृथ्वीच्या नेमक्या पलीकडचा, प्रशांत महासागरावरचा चौकोन द्यायचा. दोहोंपैकी एकीकडे ऊन असतंच.