डोलविदेलन

उत्तर वेल्समधील कॉन्वी परगण्यातले, लेदर नदीच्या खोऱ्यात वसलेले छोटे खेडे. वेल्श लिपीतील जोड 'डी'चा उच्चार मराठी 'द'च्या जवळ जातो आणि आघात 'दे'वर पडतो. 'डोल' म्हणजे नदीकाठचे कुरण. 'ग्विदेलन' या संताचे कुरण, असा गावाच्या नावाचा अर्थ लावतात. उत्तरेला ८७२ मीटर उंचीचा मोएल शाबोद डोंगर आहे. हा सारा मुलूख एरेरी (स्नोडोनिया) राष्ट्रीय उद्यानात मोडतो.

गावाच्या पश्चिमेला खडकाळ सोंडेवर एक चौकोनी बुरूज उभा दिसतो. वेल्समधले प्रसिद्ध किल्ले, म्हणजे कॉन्वी, कारनार्वन आणि हार्लेक, इंग्लंडचा राजा पहिला एडवर्ड याने वेल्श लोकांना धाकात ठेवण्यासाठी बांधले. डोलविदेलनचा किल्ला, ज्याचा हा बुरूज, त्यांतला नव्हे. तो वेल्श राजाने आपल्या मुलखासाठी बांधला, आणि म्हणूनच आकाराने लहान असूनही त्याचे मोल वेगळे आहे. ग्विनेद या वायव्य वेल्समधल्या राज्याचा राजा थोरला लिवेलिन (लिवेलिन ॲब योरवेर्थ) याने तो साधारण १२१० ते १२४० या काळात उभारला. येथून ग्विनेदच्या अंतर्भागात जाणाऱ्या वाटेवर नजर राहत असे. खोऱ्यातल्या चराईच्या रानांत राजाची गुरे असत. त्या काळी धन म्हणजे मुख्यतः गुरेढोरेच होती. लिवेलिनचा जन्म याच किल्ल्यात झाला असे पूर्वापार सांगतात, पण तो जन्मला साधारण ११७३ च्या सुमारास, तेव्हा हा किल्ला नव्हताच. खाली खोऱ्यात तोमेन कास्तेल नावाचा खडकाळ उंचवटा आहे. तिथल्या जुन्या गढीत त्याचा जन्म झाला असावा, हे मत अधिक पटते.

लिवेलिनचा नातू लिवेलिन ॲप ग्रिफिद एडवर्डशी चाललेल्या युद्धात ११ डिसेंबर १२८२ रोजी मारला गेला. भाऊ डेव्हिडने लढा चालू ठेवला, पण जानेवारी १२८३ मध्ये डोलविदेलन एडवर्डच्या हाती पडला आणि ग्विनेदच्या डोंगराळ गाभ्याचे दार उघडले. इंग्रजांनी लगेच डागडुजीला हात घातला. पूल आणि पाणचक्की दुरुस्त केल्या. बर्फाळ डोंगरात लढण्यासाठी शिबंदीला पांढरे कपडे दिले होते. ही शिबंदी १२९० पर्यंत इथे होती.

पुढे दोनशे वर्षांनी, १४८८ मध्ये, मारेदिद ॲब येवान या वेल्श जमीनदाराने किल्ला घेतला. तेव्हा परिसरात लुटारूंचा सुळसुळाट होता. दोन मजली बुरुजावर त्याने आणखी एक मजला चढवला. गावातले संत ग्विदेलनचे चर्चही त्यानेच बांधले. जुने चर्च झाडीत होते आणि तिथे शत्रू सहज दबा धरून बसू शकत. म्हणून नवे मोकळ्या जागी उभारले, असे त्याचा पणतू सर जॉन विन याने आपल्या घराण्याच्या इतिहासात नोंदवले आहे. मारेदिद १५२५ मध्ये वारला. चर्चमधील पितळी पत्र्यावर तो चिलखत घालून गुडघे टेकलेला कोरलेला आहे. तिथेच कांशाची एक प्राचीन घंटाही जतन केली आहे.

आज दुरून ठसठशीत दिसणाऱ्या चर्या मात्र मध्ययुगीन नाहीत. १८४८ ते १८५० च्या दरम्यान लॉर्ड विलोबी डी एरेस्बी याने बुरुजाचा जीर्णोद्धार केला, त्या वेळचे ते काम. लिवेलिनचा किल्ला पाहायचा तर नजर खाली न्यावी लागते: पहिल्या मजल्यावर उघडणारे प्रवेशद्वार, जाड भिंती, आणि आतून नीट पाहिल्यास मूळ उतरत्या छपराची भिंतीवर राहिलेली खूण. अंगणापलीकडे पश्चिमेच्या बुरुजाचे पडके अवशेष आहेत.

एकोणिसाव्या शतकात भोवती स्लेट दगडाच्या खाणी चालत. गावातील घरांची छपरेही त्याच दगडाची. १८७९ मध्ये बेटुस-अ-कोएडहून ब्लायनाई फेस्टिनिओगकडे लोहमार्ग गेला, त्यावर गावाचे स्थानक आहे. प्रवचनकार जॉन जोन्स तालसार्न यांचा जन्म १७९६ मध्ये इथल्याच तानअकास्तेल या घरी झाला. या नावाचा अर्थ 'किल्ल्याखाली'. किल्ल्याची देखभाल वेल्स सरकारची 'कॅडू' ही वारसा संस्था करते. वर जायला शेतातून चढणीची पायवाट आहे.