मॅन्युअल गिअरची मोटार उभी करणे

मॅन्युअल गिअरची मोटार उभी करणे : चालक उतरून गेल्यावर गाडी स्वतःच्या वजनाने घरंगळू नये अशा रीतीने ती थांबवून ठेवण्याची पद्धत. ऑटोमॅटिक गिअरबॉक्समध्ये 'पी' या स्थितीत एक अडसर दातेरी चाकात अडकतो आणि गाडीला खिळवून ठेवतो. मॅन्युअल गिअरबॉक्समध्ये असा अडसर नसतो. तिथे गाडी धरायला दोनच गोष्टी असतात, हँडब्रेक आणि बंद इंजिन, आणि दोन्ही थोड्या कच्च्या असतात. मात्र एकीचा कच्चेपणा दुसरीत नसतो, म्हणून दोन्ही एकदम वापरण्याची रीत पडली. रस्ता उताराचा असेल तर पुढची चाके वळवून ठेवणे हा तिसरा बंदोबस्त.

उतारावर गाडीला खाली ओढणारे बल वाटते त्यापेक्षा बरेच मोठे असते. दर १०० मीटरला ५ मीटर उतरणारा रस्ता पायी चालताना जेमतेम जाणवतो. पण १२०० किलोच्या गाडीला तो सुमारे ६० किलो वजनाइतक्या बलाने खाली खेचत असतो. उतार १० टक्के झाला की हे बल १२० किलोच्या घरात जाते आणि २० टक्क्यांना २३५ किलोपर्यंत. संयुक्त राष्ट्रांच्या १३-एच या ब्रेकविषयक नियमाप्रमाणे पूर्ण भरलेली मोटार २० टक्के चढावर किंवा उतारावर नुसत्या हँडब्रेकवर उभी राहिली पाहिजे, आणि दांडा ओढायला ४०० न्यूटनपेक्षा, म्हणजे साधारण ४० किलोपेक्षा, जास्त जोर लागता कामा नये. ही कसोटी नव्या, नीट जुळवलेल्या ब्रेकची आहे. वायर सैल पडलेल्या जुन्या गाडीकडून तेवढी अपेक्षा ठेवू नये.

हँडब्रेक

दांडा ओढला की वायर ताणली जाते आणि बहुतेक गाड्यांत मागच्या दोन चाकांचे ब्रेक आवळले जातात. दांड्याखालच्या दातेरी पट्टीत खटका अडकतो, त्याचाच तो कर्र कर्र आवाज. सामान्यतः पाच ते आठ दात्यांत दांडा घट्ट बसतो. दहा-बारा दाते ओलांडूनही तो वर येतच असेल तर वायर सैल झाली आहे किंवा लाइनर, म्हणजे ब्रेकचे घासणारे अस्तर, झिजले आहेत. ब्रेकच्या लाइनरला तेल लागणे, वायर नळीत गंजून अर्धवट अडकणे, एकाच बाजूचे चाक धरणे हे नेहमीचे दोष. दांडा हाताला घट्ट लागला म्हणजे चाक धरले, असे यातल्या काही दोषांत म्हणता येत नाही. वायर नळीत अडकली असेल तर दांड्याला जाणवतो तो गंजाचा विरोध.

हँडब्रेकचा सर्वांत फसवा दोष तापमानाचा आहे. लांब उतार उतरून आलेल्या गाडीच्या डिस्क (चाकाबरोबर फिरणाऱ्या तबकड्या) आणि त्यांना चिमटीत धरणारे पॅड चांगलेच तापलेले असतात. त्याच अवस्थेत हँडब्रेक लावला तर गाडी निमूट उभी राहते. मग डिस्क आणि पॅड निवतात, आकसतात, आणि पॅडची पकड सैल होते. चालक तोवर निघून गेलेला असतो. ड्रम ब्रेकमध्ये, जिथे चाकाबरोबर फिरणाऱ्या डब्याला आतून शू नावाचे तुकडे दाबतात, उलट घडते: तापून फुगलेला ड्रम निवताना आतल्या शूवर आवळत येतो. म्हणून मागे डिस्क असलेली गाडी गरम असताना उतारावर लावली तर दांडा आणखी एक-दोन दाते ओढावा आणि गिअर टाकल्याशिवाय उतरू नये. विजेवर चालणाऱ्या काही हँडब्रेकमध्ये मोटर थोड्या वेळाने पॅड आपोआप पुन्हा आवळते. वायरीच्या ब्रेकला ही अक्कल नाही.

दांडा ओढणारा हात थकलेला असतो, लहान मूल गाडीत बसल्याबसल्या बटण दाबून दांडा खाली करते, गाडी उभी केल्यावर डिकीत सामान भरले जाते. नुसत्या हँडब्रेकवर भरवसा ठेवू नये म्हणणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर ही साधी कारणे असतात.

गिअर

गाडी गिअरमध्ये ठेवली की चाके इंजिनाशी जोडली जातात. चाक फिरायचे तर पिस्टनांना सिलिंडरातली हवा दाबावी लागते, आणि त्या हवेचा दाब व इंजिनातले घर्षण मिळून गाडी अडते. पहिल्या गिअरमध्ये चाकाच्या एका फेऱ्याला इंजिनाचे सुमारे १४ फेरे होतात, म्हणजे चाकावरच्या पिळाचा साधारण चौदावा भागच इंजिनापर्यंत पोचतो. वरच्या उदाहरणातल्या गाडीत १० टक्के उतारावर हा भाग २५ न्यूटन-मीटर भरतो. पाचव्या गिअरमध्ये तोच ११० न्यूटन-मीटर होतो. इंजिनावर पीळ जितका कमी, तितके ते गाडीला सहज अडवते. गाडी उभी करताना पहिला किंवा रिव्हर्स हेच दोन गिअर का, याचे उत्तर या आकड्यांत आहे.

पण दाबलेली हवा कायमची कोंडून राहत नाही. पिस्टनच्या रिंगांशेजारून ती हळूहळू निसटते. उतार कडक असेल आणि हँडब्रेक नसेल, तर पिस्टन वरच्या टोकापलीकडे जातो, गाडी एक उसळी घेते आणि पुढच्या सिलिंडरच्या दाबाशी अडते. चार सिलिंडरच्या इंजिनात ही उसळी साधारण ७ सेंटीमीटरची असते. थोड्या वेळाने पुन्हा एक. बाहेरून पाहणाऱ्याला गाडी मधूनच कुस बदलल्यासारखी दिसते. इंजिन जितके झिजलेले तितक्या या उसळ्या लवकर येतात.

चढाकडे तोंड असेल तर पहिला गिअर आणि उताराकडे तोंड असेल तर रिव्हर्स, असा पाठ आहे. त्याचे कारण म्हणून इंजिन उलट दिशेला जास्त अडते असे सांगितले जाते, ते खरे नाही. हवा दोन्ही दिशांना जवळजवळ सारखीच दाबली जाते. ज्या गाडीत रिव्हर्स पहिल्याहून खालचा असेल तिथे थोडा फायदा होतो, एवढेच. पाठामागचे पटणारे कारण वेगळे आहे: कोणी क्लच (इंजिन चाकांपासून सोडवणारे पेडल) न दाबता चावी फिरवली तर गाडीचा धक्का चढाच्या दिशेने बसतो, उताराच्या दिशेने बसत नाही.

हाच धक्का गिअर टाकण्याविरुद्धचा मुख्य आक्षेप. क्लच दाबल्याशिवाय स्टार्टर फिरू न देणारा स्विच असलेल्या गाड्यांत तो उरत नाही. इतर गाड्यांत चावी फिरवण्याआधी क्लच दाबण्याची सवय हाच उपाय. गाडी न्यूट्रलमध्ये सोडून जाणे हा उपाय महागात पडणारा आहे. स्वीडनच्या साब कंपनीने तर अनेक मॉडेलांत चावीचे कुलूप दोन सीटांच्या मध्ये, गिअरच्या दांड्यापाशी बसवले होते, आणि मॅन्युअल गाडी रिव्हर्समध्ये टाकल्याशिवाय चावी बाहेर येत नसे.

इंजिन पुढची चाके फिरवत असेल तर गिअर पुढची चाके धरतो आणि हँडब्रेक मागची. चारही चाके अडकतात, ही उत्तम जोडी. मागच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीत दोन्ही बंदोबस्त मागच्याच चाकांवर येतात. अशी गाडी तोंड उताराकडे करून निसरड्या जागी लावली की वजन पुढे झुकते, मागची चाके हलकी होतात, आणि न फिरताही ती घसरू शकतात.

चाके वळवणे

ब्रेक आणि गिअर दोन्ही दगा देतील असे गृहीत धरून चाके वळवली जातात. उताराकडे तोंड असताना ती फुटपाथाकडे वळवतात. चढाकडे तोंड असताना रस्त्याकडे, म्हणजे गाडी मागे सरकली तर पुढच्या चाकाची मागची बाजू फुटपाथाच्या कडेला टेकते. कड नसेल तर तोंड कुठेही असो, चाके रस्त्याच्या बाहेरच्या बाजूला वळवायची. गाडी सुटलीच तर रस्त्याबाहेर जावी. कड असेल तिथे चाक तिच्यापासून वीतभर लांब सोडू नये, हलकेच टेकवून ठेवावे. वीतभर अंतरात गाडीला जोर येतो आणि बुटकी कड ती ओलांडून जाते.

क्रम

पायाने ब्रेक दाबून थांबणे, न्यूट्रल करणे, हँडब्रेक ओढणे, मग पायाचा ब्रेक हळूच सोडून गाडी हँडब्रेकवर बसते का ते पाहणे. ही मधली पायरी बहुतेक जण गाळतात. ती घेतली की हँडब्रेक खरेच धरतो का हे चालक सीटवर असतानाच कळते, आणि गाडीचा भार गिअरच्या दात्यांवर पडत नाही. उलट क्रमाने, आधी गिअर आणि मग ब्रेक, केले तर निघताना गिअर दात्यांत आवळून बसलेला असतो आणि गिअरचा दांडा हिसका दिल्याशिवाय सुटत नाही. गाडी हँडब्रेकवर बसल्यावर पाय पुन्हा ब्रेकवर ठेवून, क्लच दाबून गिअर टाकावा, इंजिन बंद करावे, क्लच सोडावा आणि शेवटी ब्रेक.

सुटलेली गाडी

५ टक्के उतारावर मोकळी सुटलेली गाडी २० मीटरमध्ये ताशी सुमारे १४ किलोमीटरचा वेग घेते. तिच्यापुढे उभे राहून ती अडवण्याचा किंवा दार उघडून आत उडी मारण्याचा प्रयत्न करू नये. टनभर वजन माणसाला भिंतीशी चिरडायला पुरेसे असते. ओरडून माणसे बाजूला करणे एवढेच हाती राहते.

हँडब्रेक न लावण्याचे प्रसंग

कडक थंडीत ओले लाइनर ड्रमला गोठून चिकटतात, आणि महिनोन्महिने उभ्या गाडीत ते गंजून चिकटतात. दोन्ही वेळी सपाट जागा शोधून, गाडी गिअरमध्ये ठेवून चाकांना दोन्ही बाजूंनी लाकडी ठोकळे किंवा दगड लावतात. निघताना दगड रस्त्यातच टाकून जाऊ नये, रात्री तो एखाद्या दुचाकीखाली येतो.

चाक बदलताना गिअरवर विसंबू नये. इंजिनाशी जोडलेल्या चाकांपैकी एक चाक जॅकवर उचलले की डिफरन्शियलमुळे, म्हणजे दोन चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणाऱ्या गिअरांच्या जोडणीमुळे, ते हवेत मोकळे फिरते आणि जमिनीवर टेकलेल्या जोडीदार चाकावरचा गिअरचा ताबा सुटतो. मागचे चाक उचलले असेल तर हँडब्रेकचीही निम्मीच पकड उरते. तेव्हा जॅक लावण्याआधी, उचलायच्या चाकाच्या तिरप्या समोरच्या कोपऱ्यातल्या चाकाला ठोकळा लावावा.