अर्धवट कामाचा मोबदला (कंत्राट कायदा)

काम पुरे होण्याआधीच मालकाने कंत्राटदाराला दूर केले, तर तोवर झालेल्या कामाचे पैसे आणि हातच्या गेलेल्या कामाची भरपाई मागण्याचा कंत्राटदाराचा हक्क. भारतात त्याचा मुख्य आधार भारतीय संविदा अधिनियम, १८७२ हा आहे. त्याच्या कलम ५३ मधील उदाहरण आजच्या साइटवरचेच वाटते : एकाने हजार रुपयांत काम करून द्यायचे ठरले, तो तयार आहे, पण दुसरा त्याला काम करू देत नाही. अशा वेळी करार संपुष्टात आणायचा की नाही हे अडवला गेलेला ठरवतो, आणि संपवल्यास झालेल्या नुकसानीची भरपाई मिळवू शकतो.

यात दोन वेगळ्या मागण्या आहेत आणि त्या एकत्र कालवल्याने अनेक दावे कमजोर होतात. पहिली झालेल्या कामाच्या किमतीची. करारात दर ठरलेले असतील तर त्याच दरांनी हिशेब होतो. करारच नसेल किंवा तो कायद्याने टिकणारा नसेल, तर कलम ७० कामी येते : फुकट करण्याचा हेतू नसताना केलेल्या कामाचा लाभ ज्याने घेतला, त्याने त्याचा मोबदला द्यावा. बी. के. मंडल आणि सन्स या कंत्राटदाराने बंगाल सरकारसाठी बांधकाम केले होते, पण करार विहित नमुन्यात झालेला नव्हता. तरीही कंत्राटदाराला पैसे मिळावेत, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने याच कलमाच्या आधारे दिला.

दुसरी मागणी बुडालेल्या नफ्याची, कलम ७३ खाली. कंत्राटाची उरलेली सगळी रक्कम मागता येत नाही, कारण सिमेंट, मजुरी असा न झालेला खर्च वजा करावाच लागतो. ए. टी. ब्रिजपाल सिंग विरुद्ध गुजरात राज्य (१९८४) या रस्त्याच्या कामाच्या खटल्यात उरलेल्या कामाच्या किमतीच्या १५ टक्के नफा सर्वोच्च न्यायालयाने मान्य केला. हा प्रत्येक कामाला लागू होणारा दर नव्हे. काढून टाकणे बेकायदा होते हे सिद्ध झाले तरच ही भरपाई मिळते. दिरंगाई कंत्राटदाराचीच असेल, तर मालक उरलेले काम दुसऱ्याकडून करून घेऊन त्याचा जादा खर्च जुन्या बिलातून वळता करू पाहतो. एकरकमी काम, म्हणजे सगळ्या कामाची मिळून एकच रक्कम ठरलेले काम, स्वतःहून सोडून जाणाऱ्याची बाजू तर फारच दुबळी असते.

सारा वाद शेवटी मोजमापावर येऊन ठेपतो. सरकारी कामात मोजमाप पुस्तिकेतील नोंदी असतात. खासगी घराच्या कामात बहुधा व्हॉट्सॲपवरचे संदेश आणि फोटो एवढेच हाती राहते, आणि नव्या कंत्राटदाराने गिलावा चढवला की जुने काम दिसेनासे होते. म्हणून काढून टाकल्याबरोबर संयुक्त मोजमापाची लेखी मागणी करणे हे सर्वांत मोलाचे पाऊल आहे. मालक आला नाही तर अभियंत्याकडून मोजमाप करून घ्यावे. दावा दाखल झाल्यावर न्यायालयाकडे पाहणीसाठी कमिशनर नेमण्याची विनंती करता येते.

करारात लवादाचे कलम असेल तर वाद तिकडे जातो, नसेल तर दिवाणी न्यायालयात. ३ लाख रुपये किंवा त्याहून मोठ्या रकमेचा बांधकाम कंत्राटाचा वाद सामान्यतः व्यावसायिक न्यायालये कायदा, २०१५ खाली येतो. तेथे तातडीचा आदेश नको असेल तर दाव्याआधी मध्यस्थी सक्तीची आहे. सरकारविरुद्धच्या दाव्याआधी साधारणपणे दोन महिन्यांची नोटीस लागते. दावा दाखल करण्याची मुदत तीन वर्षांची. तोंडी आश्वासनांनी ती वाढत नाही. मुदत संपण्यापूर्वी दिलेली सहीनिशी लेखी कबुली मात्र ती नव्याने सुरू करते.

इमारतीला कुलूप लावून पैसे वसूल करण्याचा हक्क कंत्राटदाराला नाही. अमेरिकेतील राज्यांत बांधकाम करणाऱ्याचा मिळकतीवर बोजा चढू शकतो, तसा सर्वसाधारण कायदा भारतात नाही. केवळ बिल थकले म्हणून पोलिसांत फसवणुकीची तक्रार देणेही फारसे टिकत नाही. सुरुवातीपासूनच लबाडीचा हेतू होता हे त्यासाठी दाखवावे लागते.

बोलणी बहुतेकदा कमी रकमेच्या चेकवर आणि ‘पूर्ण व अंतिम’ अशा पावतीवर येऊन अडतात. मजुरांचे पगार थकलेला कंत्राटदार सही करून मोकळा होतो. दबावाखाली घेतलेली अशी पावती पुढच्या दाव्याच्या आड येत नाही, असे बोघारा पॉलिफॅब खटल्यात (२००८) सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले. पण दबाव पुराव्याने दाखवावा लागतो, आणि सहीनंतर लगेच पाठवलेले निषेधाचे पत्र त्या पुराव्यात वजनदार ठरते.