पाळकाला ‘सेवक’ म्हणताना : पार्श्वभूमी

पाळकीय सेवेच्या, म्हणजे ख्रिस्ती मंडळीच्या (चर्चच्या) धर्मगुरूच्या कामाच्या, चर्चेत ‘सेवक-नेतृत्व’ (पुढाऱ्याने आधी सेवक व्हावे, हा विचार) ही संज्ञा आता इतकी रुळली आहे की ती शुभवर्तमानाइतकीच जुनी असावी, असा समज सहज होतो. जो मोठा होऊ पाहतो त्याने सेवक व्हावे, हा मार्काच्या दहाव्या अध्यायातील येशूचा उपदेश आणि योहानाच्या तेराव्या अध्यायात त्याने शिष्यांचे पाय धुतल्याचा प्रसंग परिचित आहेत, त्यामुळे ते येथे विस्ताराने सांगण्याचे कारण नाही. मात्र त्या प्रसंगांतून नेतृत्वाचा एक सिद्धांत उभा करणे आणि त्याला हे जोडनाव देणे या दोन्ही गोष्टी विसाव्या शतकाच्या उत्तरार्धातील आहेत.

मधल्या काळात बिरुदांची उणीव नव्हती. सहाव्या शतकाच्या अखेरीस कॉन्स्टँटिनोपलच्या धर्माध्यक्षाने मिरवलेल्या ‘जागतिक’ या पदवीला हरकत घेणाऱ्या रोमच्या बिशपाने, म्हणजे पोपने, स्वतःसाठी ‘देवाच्या दासांचा दास’ हे बिरुद रूढ केले, असे परंपरा सांगते. प्रत्येक मानवाने रोमच्या धर्मपीठाच्या अधीन असणे तारणासाठी आवश्यक आहे, असा दावा १३०२ साली पोपच्या ज्या फर्मानाने केला, त्याच्याही मथळ्याशी हेच बिरुद होते. नम्रतेची भाषा आणि अधिकाराचा विस्तार एकत्र नांदू शकतात, हे तेव्हापासूनच दिसत आले आहे. सोळाव्या शतकातील धर्मसुधारकांनी याजकपणाच्या (देव व माणूस यांच्यामधील पुरोहितपणाच्या) कल्पनेला छेद देऊन पाळकाला ‘वचनाचा’, म्हणजे देवाच्या वचनाचा, ‘सेवक’ म्हटले. पण त्यांचा भर वचनावर होता, सेवकाच्या स्वभावावर नव्हता.

खरा गुंता ‘सेवक’ या शब्दातच आहे. नव्या करारातील ‘दियाकोनोस’ आणि ‘दुलोस’ या दोन ग्रीक शब्दांसाठी मराठी पवित्र शास्त्रात साधारणपणे ‘सेवक’ आणि ‘दास’ असे दोन प्रतिशब्द आहेत, आणि तो भेद योग्य आहे. ‘दुलोस’ म्हणजे मालकीचा गुलाम, याविषयी फारसा वाद नाही. ‘दियाकोनोस’ म्हणजे नेमके कोण, यावर मात्र गेल्या काही दशकांत बरेच लिहिले गेले. १८३६ साली ऱ्हाइनकाठच्या कायझर्सवर्थ येथे एका जर्मन पाळकाने रुग्णसेवेसाठी सेविकांची संस्था उभारली. तेथून पसरलेल्या चळवळीमुळे ‘दियाकोनिया’ (‘दियाकोनोस’चे काम) या शब्दाला आजारी आणि निराधार यांच्या शुश्रूषेचा रंग चढला. पुढे १९३०च्या दशकातील जर्मन शब्दाभ्यासांनी याच अर्थाला विद्वत्तेचा आधार दिला : मूळ अर्थ पंगतीत वाढणे, आणि त्यावरून खालच्या पायरीवर उभे राहून केलेली प्रेमाची सेवा. दुसऱ्या महायुद्धानंतर धर्मशिक्षणाच्या संस्थांमध्ये जवळजवळ हाच अर्थ गृहीत धरला गेला.

१९९० साली एका ऑस्ट्रेलियन अभ्यासकाने अभिजात ग्रीक वाङ्मयापासून पॅपिरसांवरील (प्राचीन वनस्पतिजन्य कागदांवरील) व्यवहारलेखांपर्यंत या शब्दाचे उपयोग तपासले आणि वेगळाच निष्कर्ष मांडला. त्याच्या मते या शब्दाचा गाभा नम्रतेत नसून नेमणुकीत आहे. कोणाच्या तरी वतीने निरोप पोहोचवणारा, सोपवलेले काम पार पाडणारा, दोन पक्षांमधला मध्यस्थ, असा त्याचा अर्थ निघतो. रोमकरांस पत्राच्या तेराव्या अध्यायात तलवार धारण करणाऱ्या सत्ताधीशालाही देवाचा ‘दियाकोनोस’ म्हटले आहे, हे ध्यानात घेतले तर या मांडणीचे वजन कळते. मराठी वाचकाला हे समजायला फार सायास पडू नयेत. गावाने ‘ग्रामसेवक’ पाहिलेला आहे, आणि त्या पदातील सेवकपण त्याच्या विनयात नसून शासनाने दिलेल्या नेमणुकीत आहे, हे दाखल्यासाठी ग्रामपंचायतीत खेटे घातलेल्या कोणालाही सांगावे लागत नाही.

या मांडणीवर आक्षेप आले. मार्काच्या दहाव्या अध्यायात हा शब्द ‘दास’ या शब्दाच्या अगदी शेजारी येतो, तेव्हा त्या ठिकाणी तरी खालच्या दर्जाची छटा टाळता येत नाही, हा त्यांतील सर्वांत भक्कम आक्षेप होय. तथापि २००७ साली जर्मनीत प्रसिद्ध झालेल्या एका स्वतंत्र संशोधनाने नेमणुकीचा अर्थ बहुतांशी उचलून धरला. इफिसकरांस पत्राच्या चौथ्या अध्यायातील एका स्वल्पविरामालाही या वादात महत्त्व आले. एका मान्यवर इंग्रजी भाषांतराच्या १९४६च्या आवृत्तीत ‘पवित्र जनांची सिद्धता’ आणि ‘सेवेचे कार्य’ यांच्यामध्ये स्वल्पविराम होता. १९७१च्या आवृत्तीत तो गेला, आणि सेवेचे कार्य नेमलेल्या पाळकांकडून सर्व विश्वासणाऱ्यांकडे आले. मंडळीतील सामान्य माणसाला ही दुरुस्ती सोयीची वाटते. ग्रीक वाक्यरचना मात्र तिला निर्णायक पुरावा देत नाही, आणि भाषांतराच्या सोयीवर एवढी मोठी इमारत उभारणे प्रस्तुत लेखकाला धाडसाचे वाटते.

‘सेवक-नेतृत्व’ हे जोडनाव या अभ्यासातून आलेलेच नाही. एका अमेरिकन दूरध्वनी कंपनीत जवळजवळ चार दशके व्यवस्थापनाचे काम करून निवृत्त झालेल्या गृहस्थाने १९७० साली एक निबंध लिहिला आणि त्याची प्रेरणा म्हणून १९३२ सालच्या एका जर्मन कादंबरीतील नोकराच्या पात्राचा उल्लेख केला. ते गृहस्थ ज्या पंथाचे होते, त्याच्या मूळ परंपरेत वेतनी पाळक हे पदच नाही! व्यवस्थापनाच्या वर्गांतून ही कल्पना अमेरिकन मंडळ्यांच्या शिबिरांत आली, तेथे तिला पाय धुण्याच्या प्रसंगाची जोड मिळाली, आणि अशा रीतीने शब्द उद्योगाचा व दृष्टान्त शुभवर्तमानाचा झाला. त्याच सुमारास कॅथलिक परंपरेतही सेवेच्या भाषेला बळ मिळत होते. १९६४ साली पोपमहोदयांनी अधिकाराचे चिन्ह असलेला आपला तिहेरी मुकुट वेदीवर ठेवला, आणि १९६७ साली कायमस्वरूपी डीकनपद (‘दियाकोनोस’वरून नाव पडलेले, धर्मगुरूच्या खालचे दीक्षित पद) पुन्हा सुरू करण्यास मान्यता दिली गेली.

महाराष्ट्रात या भाषेला आणखी एक बाजू आहे. अहमदनगर परिसरातील ज्या समाजांतून एकोणिसाव्या शतकात मोठ्या संख्येने लोक ख्रिस्ती झाले, त्यांतील बहुतेकांसाठी ‘सेवा’ हे स्वेच्छेने पत्करलेले मूल्य नव्हते. ती वेठ होती, जन्माने लादलेली. १९९०च्या दशकात आफ्रिकी-अमेरिकन स्त्री-धर्मचिंतकांनी हाच मुद्दा आपल्या इतिहासातून मांडला की, ज्यांना पिढ्यान्‌पिढ्या राबवून घेतले, त्यांना सेवक होण्याचा उपदेश करणे आणि सत्ताधाऱ्याला तो करणे या एकच गोष्टी नव्हेत. मराठी संतपरंपरेत ‘दास’ हा शब्द अभिमानाचा असल्यामुळे आपल्याकडे ही बोच काहीशी झाकली गेली. १९१७ साली एका विख्यात मराठी ख्रिस्ती कवीने मिशनची वेतनी नोकरी सोडून साताऱ्यात ‘देवाचा दरबार’ हा ख्रिस्तभक्तांचा मेळा उभारला, तेव्हा त्याचा प्रश्नही स्वभावाचा नव्हता. पाळक कोणाचा चाकर, मिशनचा की ख्रिस्ताचा, असा तो होता. आजही एकाच व्यक्तीला व्यासपीठावरून ‘देवाचे सेवक’ आणि दारात ‘पाळकसाहेब’ म्हटले जाते.

२००२ साली बॉस्टन येथील कॅथलिक धर्मगुरूंच्या लैंगिक अत्याचारांची प्रकरणे उघडकीस आल्यानंतर हा शब्दार्थाचा वाद केवळ ग्रंथालयापुरता राहिला नाही. सेवेचीच भाषा बोलणाऱ्या धर्मगुरूंना प्रश्न विचारण्याची व्यवस्था नव्हती, हे त्यातून दिसले. नम्रता हा गुण तपासता येत नाही. नेमणूक कोणी केली आणि हिशेब कोणाला द्यायचा, हे तपासता येते. २०१३ साली नव्या पोपमहोदयांनी पवित्र गुरुवारी रोममधील बालबंदीगृहात जाऊन मुलामुलींचे पाय धुतले, त्याचे छायाचित्र जगभर पोहोचले. त्यांच्याच २०१९च्या आदेशाला तेवढी प्रसिद्धी मिळाली नाही. त्याने बिशपांविरुद्धच्या तक्रारींच्या चौकशीची पद्धत ठरवली आणि प्रत्येक धर्मप्रांताला तक्रार नोंदवण्याची सोय उभारण्यासाठी जून २०२०पर्यंतची मुदत दिली. आरंभी प्रायोगिक असलेला हा आदेश २०२३ साली कायम झाला, आणि त्याच वेळी काही सामान्य श्रद्धावंतांच्या संघटनांचे प्रमुखही त्याच्या कक्षेत आले.