रोवनची फळे

गुलाब कुलातील (रोझेसी) सॉर्बस ऑक्युपॅरिया या पानझडी वृक्षाची लहान, नारिंगी-लाल फळे. वृक्षाला ‘माउंटन ॲश’ असेही म्हणतात, कारण त्याची संयुक्त पाने ॲश नावाच्या दुसऱ्या वृक्षाच्या पानांसारखी दिसतात. दोहोंची कुले मात्र वेगळी आहेत. ऑस्ट्रेलियात याच नावाने ओळखला जाणारा वृक्ष ही निलगिरीची एक जाती असून तिचा येथे संबंध नाही. रोवन युरोपात सर्वत्र व उत्तर आशियाच्या काही भागांत आढळतो. त्याच्या काही भाऊबंद जाती हिमालयात आहेत. पैकी सॉर्बस कश्मिरियानाची फळे पांढरी असतात. सह्याद्रीत सॉर्बस ही प्रजाती नाही.

फळे घोसांनी लागतात आणि ऑगस्ट ते ऑक्टोबरमध्ये पिकतात. व्यास सुमारे 6–10 मिमी. देठाच्या विरुद्ध टोकाला पाच टोकांची चांदणीसारखी खूण असते. फळ आडवे कापल्यास आत सफरचंदाप्रमाणे बियांचे कप्पे दिसतात. रचनेने हे सफरचंदाच्याच वर्गातले आभासी फळ (केवळ अंडाशयापासून न बनता मुख्यतः फुलाच्या इतर भागांपासून वाढलेले) आहे.

खाद्यता : फळे खाद्य आहेत, पण शिजवूनच. कच्च्या फळाची चव अत्यंत आंबट, तुरट व कडू असते. तुरटपणा टॅनिनांमुळे आणि आंबटपणा मुख्यतः मॅलिक आम्लामुळे येतो. कच्ची फळे जास्त खाल्ल्यास पोट बिघडते, त्याचे कारण पॅरासॉर्बिक आम्ल. फळात त्याचा बराचसा भाग साखरेशी बांधलेल्या ग्लुकोसाइडाच्या रूपात असतो. 1859 मध्ये रसायनशास्त्रज्ञ ए. डब्ल्यू. होफमान यांनी फळांच्या रसाचे ऊर्ध्वपातन करून मिळालेल्या तेलापासून (हे तेल म्हणजेच पॅरासॉर्बिक आम्ल) सॉर्बिक आम्ल तयार केले. (त्यापूर्वी 1815 मध्ये डोनोव्हन यांनी रोवनमधून काढलेल्या आम्लालाही हेच नाव दिले होते, ते मॅलिक आम्लच असल्याचे पुढे ठरले.) फळे शिजवल्यावर पॅरासॉर्बिक आम्लापासून बनणारे सॉर्बिक आम्ल निरुपद्रवी असून ते बुरशी व यीस्ट यांची वाढ रोखते. हा गुण 1940 च्या सुमारास जर्मनी व अमेरिका येथे स्वतंत्रपणे लक्षात आला. आपल्याकडे सॉस व सरबतांच्या बाटल्यांवर ‘संरक्षक 202’ असे छापलेले असते ते याच आम्लाचे पोटॅशियम लवण. मात्र आता ते कारखान्यात संश्लेषणाने बनवतात.

पहिले हिवाळी दहिवर पडल्यावर तोडलेली किंवा गोठवलेली फळे निर्धोक होतात, असे अनेक जुन्या ग्रंथांत म्हटले आहे. गोठल्याने पेशी फुटून तुरटपणा कमी होतो, हे खरे. परंतु पॅरासॉर्बिक आम्लाच्या बाबतीत उष्णतेवर विसंबणे अधिक सयुक्तिक वाटते. बियांमध्ये सफरचंदाच्या बियांप्रमाणे सायनाइड सोडणारी ग्लुकोसाइडे असल्यामुळे फळे वाटताना बिया भरडू नयेत.

रसायनशास्त्रात या फळाचे स्थान त्याच्या आकाराच्या मानाने फार मोठे आहे. पेलूझ यांनी 1852 मध्ये दीर्घकाळ साठवलेल्या रसातून सॉर्बोज ही शर्करा, तर बूसँगो यांनी 1872 मध्ये सॉर्बिटॉल हे शर्करा-अल्कोहॉल वेगळे केले. सॉर्बिटॉलपासून जीवाणूंच्या साहाय्याने सॉर्बोज मिळवणे हा क जीवनसत्त्वाच्या औद्योगिक निर्मितीतील टप्पा ठरला. ताज्या फळांतही हे जीवनसत्त्व भरपूर असते.

गोड वाण : मोराव्हियातील (आजच्या चेक प्रजासत्ताकातील) ऑस्ट्रुझ्ना या गावाजवळ कमी कडू फळांचा वृक्ष सापडला. हे साल बहुधा 1810 दिले जाते. एकोणिसाव्या शतकाचा आरंभ एवढे म्हणणे अधिक सुरक्षित. काही लेखक त्याला स्वतंत्र उपजात मानतात. त्याचा प्रसार कलमांनी झालेला असल्याने तो ‘एड्युलिस’ नावाचा लागवडीचा वाण मानणे योग्य दिसते. रशियात व्लादिमीर प्रांतातील नेवेझिनो गावचा गोड रोवनही प्रसिद्ध आहे. तो बाजारात ‘नेझिनस्काया’ या नावाने रूढ झाला. मद्य-उत्पादकाने प्रतिस्पर्ध्यांपासून मूळ गाव लपवण्यासाठी नाव बदलले, असे सांगतात. ही आख्यायिकाच असावी. विसाव्या शतकाच्या आरंभी रशियन फळझाड-संकरतज्ज्ञ मिचुरिन यांनी रोवनचे इतर फळझाडांशी संकर केले.

उपयोग : स्कॉटलंडमध्ये हरणाच्या मांसाबरोबर रोवनची जेली वाढतात. देठ काढलेल्या फळांत पेक्टिनसाठी (जेली घट्ट करणाऱ्या घटकासाठी) रानटी किंवा आंबट सफरचंदांच्या फोडी घालून, बुडेल इतक्या पाण्यात मऊ शिजवतात व रात्रभर मलमलीच्या फडक्यात टांगून रस निथळू देतात. फडके पिळल्यास जेली गढूळ होते. एक लिटर रसाला सुमारे 800 ग्रॅम साखर घालून उकळतात. थंड बशीत टाकलेल्या थेंबाला बोट लावल्यावर सुरकुती पडली की जेली झाली. किंचित कडवटपणा उरतो. स्निग्ध मांसाबरोबर तोच हवासा वाटतो. पोलंडमध्ये फळे मुरवून यार्झेंबियाक ही व्होडका, तर आल्प्स पर्वतातील टिरोलमध्ये आंबवलेल्या फळांपासून ऊर्ध्वपातित मद्य बनवतात. वाळवलेल्या फळांचा काढाही काही ठिकाणी घेतात.