वक्र पडद्याचा टीव्ही आणि चकाकीचा गैरसमज

वक्र पडद्यावर चकाकी येत नाही आणि घरातल्या सर्वांना चित्रपटगृहासारखा अनुभव मिळतो, हा समज असे टीव्ही २०१३ मध्ये बाजारात आल्यापासून टिकून आहे. तो बरोबर नाही. बाजूने येणारे काही प्रतिबिंब वक्रतेमुळे टळते, हे खरे. परंतु जे पडते ते पसरट होते. ठाण्यात घोडबंदर रस्त्यावरील एका नातेवाइकांच्या हॉलमध्ये बाल्कनीच्या दाराचा उजेड सपाट टीव्हीवर चौकोनी ठिपक्यासारखा दिसे, तोच वक्र पडद्यावर आडव्या पट्ट्यासारखा ताणलेला दिसू लागला.

आता मोजमाप पाहू. ४.२ मीटर त्रिज्येच्या वक्रतेत ५५ इंची पडद्याच्या कडा मध्यापेक्षा जेमतेम साडेचार सेंटिमीटर पुढे येतात, त्यामुळे तीन मीटरवरच्या सोफ्यावरून वेढल्यासारखे वाटण्याचा प्रश्नच उरत नाही, उलट टोकाला बसलेल्या आजींना जवळची कड आखडलेली दिसते. शिवाय भिंतीवर तो सपाट बसत नाही. हातभर अंतरावरून एकट्याने वापरायच्या रुंद संगणक मॉनिटरला मात्र वक्रता खरोखरच उपयोगी पडते, कारण तिथे दोन्ही कडा डोळ्यांपासून जवळपास सारख्याच अंतरावर येतात.