तंबाखू नियंत्रण (नाशिक जिल्हा)

तंबाखू ओढल्याने, चघळल्याने किंवा दातांना लावल्याने होणारी हानी कमी व्हावी म्हणून केलेले कायदे, कर, संशोधन आणि व्यसन सोडवण्याचे उपाय यांना मिळून तंबाखू नियंत्रण म्हणतात. नाशिक जिल्ह्यात या विषयाला दोन बाजू आहेत. तंबाखूचे सेवन इथे सर्वत्र होतेच. शिवाय सिन्नर व आसपासच्या गावांत विड्या वळून पिढ्यान्‌पिढ्या घरे चालली.

‘धूम्रपान’ हा शब्द मराठीत रुळला असला तरी धूम म्हणजे धूर आणि धूम्र म्हणजे धुराच्या रंगाचा, त्यामुळे ‘धूमपान’ हे रूप अधिक शुद्ध. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात हेच रूप आहे. त्या आधारावर तंबाखू भारतात प्राचीन काळापासून होती, असे अधूनमधून मांडले जाते. ते ग्राह्य धरता येत नाही. चरकोक्त धूमवर्ती ही हरेणुका, प्रियंगू, चंदन इत्यादी द्रव्ये वाटून शरकांडावर (बोरूसारख्या गवताच्या काडीवर) लेप देऊन वाळवलेली, आठ अंगुळे लांब आणि जवासारखी मधे फुगीर अशी औषधी नळी होती. तंबाखू मूळची अमेरिकेतली. ती पोर्तुगीजांमार्फत बहुधा सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धात पश्चिम किनाऱ्यावर उतरली. अकबराचा दूत असद बेग याने ती विजापूरहून अकबराच्या दरबारी नेली, तो काळ 1604-05 च्या सुमाराचा. म्हणजे उत्तरेआधी दख्खनेत ती परिचित होती, आणि नाशिक परिसरातही सतराव्या शतकाच्या पूर्वार्धात पोहोचली असावी. जहांगीराने 1617 मध्ये तंबाखू ओढण्यास मनाई केली. आपल्याकडच्या तंबाखू नियंत्रणाच्या इतिहासाचा आरंभ तिथून धरणे सोयीचे आहे, मात्र त्या मनाईचा फारसा परिणाम झालेला दिसत नाही.

विडी या शब्दाचे मूळ संस्कृत वीटिका, म्हणजे पानाचा विडा. वस्तूच्या उगमाबद्दल मतभेद आहेत. एका मताप्रमाणे गुजरातेत खेडा-पंचमहाल भागातले मजूर सतराव्या शतकाच्या अखेरीपासून आपट्याच्या पानात तंबाखू गुंडाळून ओढत. दुसरे मत विडीचा धंदा 1899 च्या दुष्काळात जबलपूरकडे गेलेल्या गुजराती कुटुंबांशी जोडते. टेंभुर्णीचे, म्हणजे तेंदूचे, पान तिथे हाती लागले. दोन्ही मते एकमेकांना छेद देत नाहीत. सवय जुनी असेल. पण बाजारात विकण्याइतका व्यवसाय विसाव्या शतकात तेंदूपान आणि रेल्वे यांच्या आधाराने उभा राहिला, हे मत अधिक पटणारे आहे.

काम बहुतांशी बायकांचे आणि घरबसल्या. भिजवून मऊ केलेले पान पत्र्याच्या मापाने कात्रीने कापायचे, त्यावर चिमूटभर तंबाखू पसरून बोटांनी वळायचे, तोंड मुडपायचे, दुसऱ्या टोकाला दोरा बांधायचा. सूप मांडीवर असते आणि तंबाखूची भुकटी नाकातोंडात जाते. पाळण्यातले मूल तीच हवा घेते. मजुरी हजारी, म्हणजे हजार विड्यांमागे; पसंत न पडलेला माल ‘छाट’ म्हणून बाजूला काढला की त्याचे पैसे बुडतात. 1966 चा विडी व सिगार कामगार अधिनियम आणि 1976 चा कल्याणनिधी या श्रमिकांसाठी झाला. वस्तू व सेवा कर आल्यावर 2017 मध्ये त्या निधीसाठी विड्यांवर घेतला जाणारा उपकर गेला, ही गोष्ट तंबाखू नियंत्रणाच्या चर्चेत फारशी येत नाही आणि यायला हवी.

विडीत तंबाखू सिगारेटपेक्षा पुष्कळ कमी असते, म्हणून ती सौम्य, ही समजूत चुकीची आहे. तेंदूच्या पानातून हवा खेळत नाही. विझू नये म्हणून झुरके जास्त आणि खोल घ्यावे लागतात. प्रभात झा व सहकाऱ्यांच्या 2008 मधील देशव्यापी अभ्यासानुसार विडी ओढणाऱ्या पुरुषांचे आयुष्य सुमारे 6 वर्षांनी, स्त्रियांचे 8 वर्षांनी, तर सिगारेट ओढणाऱ्या पुरुषांचे 10 वर्षांनी घटते.

सिगारेट व अन्य तंबाखूजन्य उत्पादने अधिनियम 2003 चा. त्याच्या 4 थ्या कलमाने सार्वजनिक जागी धूम्रपानास बंदी आहे. 2 ऑक्टोबर 2008 पासून सुधारित नियम लागू असून दंड 200 रुपयांपर्यंत. 6 वे कलम अल्पवयीनांना विक्री आणि शिक्षणसंस्थेपासून 100 यार्डांच्या आतली विक्री रोखते. 7 व्या कलमानुसार वेष्टनावर चित्रमय इशारा लागतो, आणि एप्रिल 2016 पासून त्याने 85 टक्के जागा व्यापावी लागते. टपरीवर मात्र गिऱ्हाईक एक-दोन विड्या सुट्या मागते, दोराला टांगलेल्या लायटरवर पेटवते आणि निघून जाते. पुडा त्याच्या हातात येतच नाही, मग इशारा दिसणार कुठून? महाराष्ट्राने सप्टेंबर 2020 मध्ये सुट्या सिगारेट-विडीच्या विक्रीला बंदी घातली ती याच कारणाने. प्रस्तुत नोंदकाराच्या मते राज्याच्या आदेशांत हा सर्वांत मर्मावर बोट ठेवणारा आहे, म्हणून त्याची अंमलबजावणी दंडाच्या पावत्यांइतकीच नेटाने व्हावी. गुटख्यावर 2012 पासून अन्नसुरक्षा कायद्याखाली बंदी आहे.

2016-17 च्या जागतिक प्रौढ तंबाखू सर्वेक्षणात महाराष्ट्रात 26.6 टक्के प्रौढ तंबाखू घेणारे आढळले. एकूण प्रौढांपैकी ओढणारे फक्त 3.8 टक्के, धूरविरहित प्रकार घेणारे 24.4 टक्के (काही जण दोन्ही घेतात). म्हणून ‘धूम्रपान निषिद्ध’ या पाटीने इथला प्रश्न थोडाच आवाक्यात येतो. मशेरीकडे तर धोरणाची नजर क्वचितच वळते. तंबाखू तव्यावर काळी होईपर्यंत भाजायची, कुटायची आणि बोटाने दातांना लावायची. भाजताना घरभर ठसका उठतो. दात घासण्याच्या नावाखाली चालत असल्याने तिला व्यसन म्हणत नाहीत. मुंबईतल्या 1217 गर्भवतींच्या अभ्यासात (2004) धूरविरहित तंबाखू घेणाऱ्यांच्या बाळांचे वजन सरासरी 105 ग्रॅमने कमी भरले, आणि त्या स्त्रियांत मशेरीचेच प्रमाण अधिक होते.

महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाचे मुख्यालय 1998 पासून नाशिकला आहे. तोंडाच्या कर्करोगाची पूर्वसूचना ठरू शकणारा तोंडातला पांढरा चट्टा बहुधा दंतवैद्यालाच प्रथम दिसतो, त्यामुळे दंत महाविद्यालयांतील तपासणीला विशेष महत्त्व आहे. तंबाखू सोडण्यासाठी 1800-11-2356 हा राष्ट्रीय निःशुल्क क्रमांक उपलब्ध आहे. भारताने 2004 मध्ये मान्य केलेल्या जागतिक आरोग्य संघटनेच्या तंबाखू नियंत्रण कराराच्या 17 व्या कलमात तंबाखू कामगारांसाठी पर्यायी रोजगाराला चालना देण्याची तरतूद आहे. सिन्नरच्या विडी वळणाऱ्या बायका त्या कलमात बसतात.